ओव्हरहेड कुणाच्या माथी?

भोसरी, चाकण किंवा शिरोलीच्या एमआयडीसीतल्या छोट्या इंजिनिअरिंग कारखान्याचे कोटेशन हातात घेतले, तर त्यात बारचे वजन ग्रॅममध्ये असते, सायकल टाइम सेकंदांत असतो, प्लेटिंगचा किंवा हीट ट्रीटमेंटचा दर किलोमागे लिहिलेला असतो. आणि मग एक ओळ येते: ओव्हरहेड, अमुक टक्के. सेटरचा पगार, तपासणीची माणसे, टूल रूम, कॉम्प्रेसर, स्टोअर, चलन करणारा कारकून, शेडचे भाडे, यंत्रांचा घसारा, सगळे त्या एका ओळीत गेलेले असते. पोलाद किलोमागे रुपयाने महागले तर मालक पुरवठादाराशी तासभर हुज्जत घालतो. ओव्हरहेडचा टक्का कुठून आला असे विचारले, तर बहुतेक वेळा 'पहिल्यापासून तेवढाच लावतो' असे उत्तर येते.

त्याच टक्क्यावर कुठली ऑर्डर घ्यायची, कुठली सोडायची, कुठला भाग बाहेरून करून घ्यायचा हे ठरते. म्हणून कारखान्यातले अप्रत्यक्ष खर्च नगांवर कसे वाटायचे, हा वाद हिशेबनिसांपुरता राहिलेला नाही. सव्वाशे वर्षांत त्यावर इंजिनिअर बोलले, प्राध्यापक बोलले, सल्लागारांनी त्यावर धंदा केला. त्या सगळ्यातून माझ्या मते एक गोष्ट पक्की उरते. पारंपरिक वाटप ढोबळ आहे, ही तक्रार किरकोळ आहे. खरी तक्रार अशी की त्याची चूक बहुधा एकाच बाजूला झुकते. मोठ्या संख्येने निघणारा साधा नग जास्त भार वाहतो, आणि थोड्या संख्येने, वारंवार, वेगवेगळ्या रूपांत निघणारा नग स्वस्तात सुटतो.

पारंपरिक पद्धत वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पाठ असते. आधी खर्च विभागवार गोळा करायचे. मग मेंटेनन्स, स्टोअर, कॅन्टीन अशा सेवा विभागांचे खर्च उत्पादन विभागांवर टाकायचे. सेवा विभाग एकमेकांनाही सेवा देत असतील तर समीकरणे मांडून सोडवायची. शेवटी प्रत्येक विभागाचा एकूण आकडा मजुरीच्या तासांनी, मजुरीच्या रुपयांनी किंवा यंत्राच्या तासांनी भागायचा. परीक्षेत सारे गुण मधल्या समीकरणांना असतात. कारखान्यात मात्र निकाल लावतो तो शेवटचा भागाकार. खर्च दशांश चिन्हापर्यंत नेमका विभागला आणि शेवटी सगळा मजुरीच्या तासांनी भागला, तर आधीची मेहनत वाया गेली असे मी मानतो.

मजुरीचा आधार मुळात वेडगळ नव्हता. कारखान्यात हातांनी काम चालत होते तेव्हा मजुरी हा मोठा खर्च होता, हजेरीपट तयारच असे, आणि ज्या कामाला जास्त माणसे लागत त्याला देखरेख, जागा, दिवाबत्तीही जास्त लागे. तरी त्यातला दोष फार लवकर दिसला होता. अलेक्झांडर हॅमिल्टन चर्च या इंग्रज इंजिनिअरने १९०१ मध्ये 'इंजिनिअरिंग मॅगझिन'मध्ये लेखमाला लिहून तो मांडला. लहान, स्वस्त यंत्रावर काम करणाऱ्या कामगाराचा तास आणि अवाढव्य, महागड्या यंत्रावरच्या कामगाराचा तास यांवर सारखाच ओव्हरहेड कसा पडेल, असा त्याचा सवाल होता. प्रत्येक यंत्र म्हणजे कारखान्यातले एक स्वतंत्र छोटे दुकान माना, जागा, वीज, घसारा, देखभाल मिळून त्याचे भाडे ठरवा, आणि जो नग ते यंत्र वापरेल त्याच्याकडून तेवढ्या तासांचे भाडे घ्या, असा त्याचा तोडगा. आज पुण्यातला प्रत्येक व्हेंडर 'मशीन अवर रेट' म्हणतो त्याचे मूळ या विचारात आहे. पुढे १९१५ मध्ये हेन्री गँट याने आणखी एक मुद्दा आणला: बंद उभ्या यंत्राचा खर्च चालू यंत्रावरच्या नगांना लावू नका. मंदीत निम्मा कारखाना बंद असेल आणि पूर्ण कारखान्याचा खर्च उरलेल्या नगांवर टाकला, तर नग महाग दिसतात, भाव वाढवावा लागतो, ऑर्डर आणखी घटतात, आणि पुढच्या महिन्यात दर आणखी चढतो. या भोवऱ्यात सापडून बरे चाललेले कारखाने बुडतात.

चर्चचे मत पूर्णपणे स्वीकारले गेले नाही. जगभरच्या कारखान्यांत मजुरीचाच आधार चालू राहिला. दरम्यान यंत्रे स्वयंचलित झाली, मजुरीचा वाटा आक्रसला, आणि ओव्हरहेडचा दर मजुरीच्या काही शे टक्क्यांवर गेला. एवढा मोठा आकडा एवढ्या लहान पायावर उभा राहिला की पायात जरा फरक पडला तरी वर सगळे हलते.

१९८५ मध्ये जेफ्री मिलर आणि थॉमस व्होलमन यांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये या खर्चाचे मूळ शोधले. कारखान्यात नगांच्या कारखान्याशेजारी एक लपलेला कारखाना असतो, असे त्यांनी म्हटले. तो व्यवहारांचा: ऑर्डर सोडणे, माल हलवणे, वेळापत्रक जुळवणे, तपासणे, ड्रॉइंगमधले बदल नोंदवणे. नग वाढले म्हणून हे व्यवहार वाढत नाहीत, प्रकार आणि लॉट वाढले की वाढतात. जॉर्ज स्टॉबस यांनी १९७१ मध्येच कामांच्या आधारे हिशेब मांडण्याविषयी पुस्तक लिहिले होते, पण तेव्हा त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. ही कल्पना कारखान्याच्या फरशीवर उतरली ती ऐंशीच्या दशकात.

त्यातले सर्वांत बोलके उदाहरण जॉन डिअरचे आहे. ही तीच कंपनी जिचे ट्रॅक्टर आता पुण्याजवळ सणसवाडीला बनतात. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतली शेती संकटात होती आणि ट्रॅक्टरची मागणी कोसळली होती. आयोवा राज्यातल्या वॉटर्लू इथल्या कंपनीच्या कंपोनंट वर्क्सला, आपल्याच कंपनीच्या इतर विभागांना भाग विकण्यासाठी बाहेरच्या पुरवठादारांशी बोलीत उतरावे लागले. स्क्रू मशीनवर, म्हणजे सळईतून छोटे भाग एकामागून एक कापणाऱ्या स्वयंचलित यंत्रांवर, त्यांचा हातखंडा होता. मोठ्या संख्येचे काम हे या यंत्रांचे खरे बळ. पण बोलीचे निकाल आले तेव्हा मोठ्या संख्येचे भाग हातचे गेले होते आणि मिळाले होते ते बरेचसे थोड्या संख्येचे. यंत्र ज्या कामासाठी घेतले तेच काम हिशेब बाहेर ढकलत होता. तिथल्या लोकांनी मग ओव्हरहेड फोडून सात कामांत बसवला. त्यांत सेटिंगचे तास होते, उत्पादन ऑर्डरींची संख्या होती, माल हलवण्याच्या फेऱ्या होत्या, आणि एखादा पार्ट नंबर नुसता यादीत जिवंत ठेवण्याचा खर्चही होता. रॉबर्ट कॅप्लन यांनी १९८७ मध्ये हार्वर्डसाठी ही केस लिहिली, आणि 'अ‍ॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग', थोडक्यात एबीसी, हे नाव त्यातून रूढ झाले. त्याच वर्षी कॅप्लन आणि टॉमस जॉन्सन यांचे 'रेलेव्हन्स लॉस्ट' हे पुस्तक आले. रॉबिन कूपर यांनी पुढे खर्चाच्या चार पायऱ्या मांडल्या: नगामागे होणारा, लॉटमागे होणारा, उत्पादन टिकवण्यासाठी होणारा आणि कारखाना उघडा ठेवण्यासाठी होणारा. माझ्या दृष्टीने एबीसीचा सगळ्यात टिकाऊ भाग म्हणजे या चार पायऱ्या.

लॉटमागे होणारा खर्च म्हणजे काय, ते यंत्राजवळ उभे राहिल्यावर कळते. सीएनसी लेथवर पिनांचा लॉट संपला, आता व्हॉल्व्ह बॉडीचा चढवायचा. ऑपरेटर बाजूला होतो, सेटर येतो. चकचे जॉज काढायचे, नवे सॉफ्ट जॉज बसवून ते हव्या त्या व्यासाला बोअर करायचे, टरेटवरची टूल्स बदलायची, प्रत्येकाचा ऑफसेट घ्यायचा, प्रोग्रॅम आधी सिंगल ब्लॉकवर चालवून पाहायचा. पहिला नग निघाला की मायक्रोमीटरखाली जातो, तिथून तपासणी विभागात. तिथे रांग असेल तर यंत्र उभे. बोअर वीस मायक्रॉनने मोठा निघाला तर ऑफसेट दुरुस्त करून दुसरा नग. असे तीनेक तास जातात. मग ४० नग आठ तासांत निघतात आणि पुन्हा जॉज बदलायची वेळ येते. पिनांच्या लॉटलाही सेटिंगला तेवढेच तास लागले होते, पण नंतर २,००० पिनांसाठी यंत्र १०० तास अखंड चालले.

आता हेच आकड्यांत पाहू. समजा, या कारखान्यात महिन्याचा ओव्हरहेड ६ लाख रुपये आहे. महिन्याला २०,००० पिना निघतात, नगाला ३ मिनिटे, म्हणजे १,००० तास. व्हॉल्व्ह बॉडी १,०००, नगाला १२ मिनिटे, म्हणजे २०० तास. एकूण तास १,२००, तासाचा दर ५०० रुपये. पारंपरिक हिशेबाने पिनेवर २५ रुपये आणि व्हॉल्व्ह बॉडीवर १०० रुपये ओव्हरहेड पडतो. वेळ चौपट, तर खर्च चौपट. वरवर पाहता यात खटकण्यासारखे काही नाही.

तेच ६ लाख फोडा. यंत्र चालवण्याचे, म्हणजे वीज, घसारा आणि देखभालीचे २,४०,०००. सेटिंगचे १,४०,०००. तपासणीचे ७०,०००. खरेदी, चलने आणि डिस्पॅचचे ५०,०००. भाडे, सुरक्षा आणि ऑफिसचे १,००,०००. पिनांचे महिन्यात १० लॉट चढतात, व्हॉल्व्ह बॉडीचे ४०-४० नगांचे २५. म्हणजे ३५ सेटिंग, प्रत्येकी ४,००० रुपये. तपासणीच्या १४० तासांपैकी ६० पिनांचे, ८० व्हॉल्व्ह बॉडीचे. कागदपत्रांच्या १०० नोंदींपैकी ३० पिनांच्या, ७० व्हॉल्व्ह बॉडीच्या. भाड्याचे लाख रुपये बाजूला ठेवून बेरीज केली, तर पिनांवर २,८५,००० येतात, नगाला १४ रुपये २५ पैसे. व्हॉल्व्ह बॉडीवर २,१५,०००, नगाला २१५ रुपये. बाजूला ठेवलेले लाख रुपये तासांच्या प्रमाणात टाकले, तरी पिन १८ रुपये ४२ पैशांवर थांबते आणि व्हॉल्व्ह बॉडी २३१ रुपये ६७ पैशांवर जाते. व्हॉल्व्ह बॉडीच्या भावात ओव्हरहेडपोटी १०० आणि नफा म्हणून ४० रुपये धरले असतील, तर दर नगामागे ९१ रुपयांहून अधिक खिशातून जात आहेत. आणि पिनेवर ६ रुपये ५८ पैसे जास्त लावल्यामुळे तिची ऑर्डर शेजारचा कारखाना घेऊन जातो. मालकाला मात्र पिनेत मार्जिन नाही आणि व्हॉल्व्ह बॉडी चांगली चालते असे वाटत राहते.

इतके उघड असताना एबीसी सगळीकडे का पसरले नाही? ब्रिटनमधल्या मोठ्या कंपन्यांची इनेस, मिचेल आणि सिंक्लेअर यांनी केलेली दोन सर्वेक्षणे या बाबतीत महत्त्वाची आहेत. १९९४ मध्ये २१ टक्के कंपन्या एबीसी वापरत होत्या, १९९९ मध्ये १७.५ टक्के. पाच वर्षांत प्रमाण वाढायचे तर घटले. कारण कामाच्या पद्धतीत होते. प्रत्येक विभागातल्या माणसांना विचारायचे, तुमचा किती टक्के वेळ कुठल्या कामात जातो, आणि त्यावरून पगार वाटायचे. कुणीही 'माझा वीस टक्के वेळ रिकामा जातो' असे सांगत नाही, बेरीज नेहमी शंभर होते. एखादे नवे काम सुरू झाले की पुन्हा मुलाखती. मोठ्या कंपनीत कामांची यादी शेकड्यांवर जाई आणि ती ताजी ठेवायला वेगळी माणसे लागत.

कॅप्लन यांनीच स्टीव्हन अँडरसन यांच्याबरोबर २००४ मध्ये यावर उतारा सुचवला, वेळेवर आधारित एबीसीचा. विभागाचा एकूण खर्च त्याच्या व्यवहार्य क्षमतेच्या मिनिटांनी भागा. ही क्षमता कागदावरच्या क्षमतेच्या ८० ते ८५ टक्के धरा, कारण माणसे चहा पितात आणि यंत्रे बिघडतात. मग कुठल्या कामाला किती मिनिटे लागतात तेवढे मोजा. नगांवर न बसलेली मिनिटे ही रिकामी क्षमता, ती वेगळी दाखवा. गँटने १९१५ मध्ये सांगितलेली गोष्ट इथे नव्वद वर्षांनी पुन्हा हिशेबात आली, आणि मला या सुधारणेचे मोल मुख्यतः त्यासाठी वाटते.

विरोधकांचे आक्षेपही हलके नाहीत. एलियाहू गोल्डरॅट यांच्या १९८४ च्या 'द गोल' या कादंबरीने कॉस्टिंगवरच हल्ला चढवला. त्यांचे म्हणणे असे की कारखान्याची गती सर्वांत अरुंद जागा ठरवते. त्या यंत्रावरचा वाया गेलेला तास म्हणजे सगळ्या कारखान्याचा वाया गेलेला तास, आणि बाकी यंत्रांवरच्या तासाची किंमत जवळपास शून्य. वरच्या उदाहरणात व्हॉल्व्ह बॉडीचे लॉट २५ वरून १० वर आणले तर १५ सेटिंग वाचतात. एबीसीचा कागद म्हणेल, ६०,००० रुपये वाचले. पण सेटरचा पगार आणि लेथचा हप्ता तसाच राहतो. मोकळे होतात ते ४५ तास. त्यांत ९०० पिना निघतील आणि विकल्या जातील तरच पैसा दिसेल. एबीसीच्या आकड्याला थेट रोख बचत समजणारे व्यवस्थापक इथेच फसले आहेत.

'रेलेव्हन्स लॉस्ट'चे सहलेखक टॉमस जॉन्सन स्वतः १९९२ पर्यंत एबीसीच्या विरोधात गेले होते. जपानी कारखाने हिशेब बारीक करत बसले नाहीत, त्यांनी सेटिंगच लहान केले, याकडे त्यांनी लक्ष वेधले. शिगेओ शिंगो यांनी टोयोटात हजार टनी प्रेसचे डाय बदलण्याचे काम चार तासांवरून आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. सेटिंग तीन मिनिटांचे झाले की ते कुणावर टाकायचे हा वादच उरत नाही. तोशिरो हिरोमोतो यांनी १९८८ मध्ये दिलेली उदाहरणे मला याहून विचार करायला लावतात. हिताचीच्या व्हिडिओ रेकॉर्डरच्या कारखान्यात ओव्हरहेड मुद्दाम मजुरीवर टाकत, कारण आकडे अचूक यावेत यापेक्षा इंजिनिअरांनी मजूर कमी करून यंत्रे आणावीत हे त्यांना हवे होते. त्यांच्याच रेफ्रिजरेशनच्या कारखान्यात तो सुट्या भागांच्या संख्येवर टाकत, म्हणजे डिझाइन करणारा कमी भागांचा विचार करेल. दोन्ही ठिकाणी वाटपाचा आधार हा माणसांना दिलेला इशारा होता. आपल्याकडे ओव्हरहेड मजुरीवर टाकला जातो तेव्हा तोही इशाराच असतो, फक्त तो कुणी ठरवून दिलेला नसतो. मजुरी कापा, कंत्राटी माणूस घ्या, असे तो सांगत राहतो, आणि सेटिंग, तपासणी व कागदपत्रांतला खर्च तसाच राहतो.

भारतात या विषयाला कायद्याची चौकट आहे. कॉस्ट अँड वर्क्स अकाउंटंट्सचा कायदा १९५९ चा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४८ आणि २०१४ च्या नियमांखाली ठरावीक उद्योगांना कॉस्ट रेकॉर्ड ठेवावे लागतात, काहींना ऑडिटही. ओव्हरहेडविषयीचे कॉस्ट अकाउंटिंग स्टँडर्ड ३ कार्यकारणभाव किंवा मिळालेला लाभ या दोन तत्त्वांवर वाटप करायला सांगते. म्हणजे एबीसीला बंदी नाहीच, उलट तत्त्व त्याच्याच जवळ जाते. साठ्याच्या मूल्यांकनासाठीचे इंड एएस २ स्थिर ओव्हरहेड सामान्य क्षमतेवर लावायला सांगते, कमी उत्पादनामुळे न लागलेला भाग त्या वर्षाचा खर्च धरते. नियमांचे पालन पारंपरिक पद्धतीनेही होते, म्हणून बहुतेक कारखाने तिथेच थांबतात. वार्षिक हिशेबासाठी ते पुरेही आहे, कारण तिथे एकूण आकडा जुळला की काम झाले. भाव ठरवताना ते पुरत नाही.

लहान कारखान्याने सॉफ्टवेअर आणून महिन्याच्या महिन्याला एबीसी चालवावे असे मी सुचवणार नाही. वर्षातून एकदा आठ-पंधरा दिवस सेटिंगचे तास, पहिल्या नगाच्या तपासणीची वाट, चलनांची संख्या एवढे मोजले तरी वरच्यासारखा तक्ता कागदावर मांडता येतो. जॉब कार्डावर यातले बरेचसे लिहिलेले असतेच. मशीन अवर रेट ठेवावा, फक्त त्यातून लॉटचा खर्च बाहेर काढावा.

मला मनापासून चीड येते ती मोठ्या गिऱ्हाइकांच्या कॉस्ट ब्रेकअप शीटची. वर्षाची संख्या दाखवून भाव पाडायचा, मशीन अवर रेट आणि ओव्हरहेडचा टक्का स्वतःच ठरवायचा, आणि मग शेड्यूल सोडायचे ते ४०-४० नगांचे. साठा नको म्हणून लॉट लहान करण्याचा फायदा गिऱ्हाइकाला, त्याच्या सेटिंगचा खर्च व्हेंडरला, आणि शीटमध्ये त्यासाठी रकानाही नाही. छापखानेवाल्यांनी हा प्रश्न कधीच सोडवला आहे: प्लेटचे पैसे वेगळे, छपाई हजाराच्या दराने वेगळी, त्यामुळे पाचशे प्रती महाग का हे गिऱ्हाइकाला समजावून सांगावे लागत नाही. आपल्या व्हॉल्व्ह बॉडीचेही तसेच करता येते. यंत्र चालण्याचे नगाला ४० रुपये. लॉटमागे सेटिंग ४,०००, तपासणी १,६००, कागदपत्रे आणि डिस्पॅच १,४००, मिळून ७,०००. हा ७,००० चा आकडा कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळीत लिहिला, की खरेदी अधिकाऱ्याला स्वतःच भागाकार करता येतो: ४० च्या लॉटला नगामागे २१५ रुपये, १०० च्या लॉटला ११०, त्यावर भाड्याचा वाटा. मग लॉट मोठा करायचा की जास्त भाव द्यायचा, हे दोघांनी समोरासमोर बसून ठरवावे.